अस्थिसुषिरता व रजोनिवृत्तीनंतरचा व्यायाम

पाळी कायमची थांबल्यानंतर स्त्रियांच्या हाडांची घनता वेगाने घटू लागते. ही झीज मंदावावी, स्नायूंची ताकद व शरीराचा तोल टिकावा आणि पडून हाड मोडण्याचा धोका कमी व्हावा, या हेतूने आखून केलेल्या व्यायामाचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

अस्थिसुषिरता म्हणजे हाड आतून विरळ व ठिसूळ होणे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरविलेल्या निकषानुसार, डेक्सा तपासणीत (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजण्याची पद्धत) अस्थिघनतेचा टी-अंक, म्हणजे निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीपासूनचे अंतर दाखविणारा अंक, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला, तर हा विकार आहे असे मानतात. उणे १ ते उणे २.५ यांमधील अंक ही त्याच्या अलीकडची पायरी होय. मनगट, खुबा व पाठीचे मणके ही हाडे मोडण्याची नेहमीची ठिकाणे. त्यांपैकी मनगट व खुबा मोडल्याचे लगेच समजते. मणका मात्र कित्येकदा गाजावाजा न करता खचतो. पाठ दुखते ती वयामुळे, असे समजून वर्षे जातात आणि पूर्वी बेताचा असलेला परकर जमिनीला टेकू लागला, म्हणजे उंची कमी झाल्याचे ध्यानात येते.

हाड ही जिवंत ऊती आहे. जुने हाड खाणाऱ्या आणि नवे हाड घालणाऱ्या पेशींचे काम त्यात आयुष्यभर चालू असते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालते. रजोनिवृत्तीत ते घटले की हा आवर सुटतो आणि पहिली काही वर्षे भरपाईपेक्षा झीज अधिक होते. व्यायामाचे काम याच्या दुसऱ्या बाजूने चालते. हाडावर पडणाऱ्या भारानुसार त्याची रचना बदलते, हे जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हाताच्या मानाने जाड असते आणि भाररहित अवस्थेत महिनोन्‌महिने राहिलेल्या अंतराळवीरांची हाडे विरळ होतात, ती याच कारणाने. हाडात खोलवर रुतलेल्या पेशींना हाड किंचित वाकल्याची जाणीव होते व त्या बांधकामाचा इशारा देतात. मात्र रोजच्या सवयीचा भार त्यांच्या खिजगणतीत नसतो. भार नेहमीपेक्षा जास्त, झटपट पडणारा आणि काहीसा अनोळखी असावा लागतो; तो फार वेळ असण्याची गरज नसते.

यावरून एक गोष्ट उघड होते आणि ती आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. रोज सकाळी तासभर चालणे हृदयाला, रक्तातील साखरेला व मनाला उत्तम असले, तरी हाडांसाठी ते एकटे पुरे पडत नाही, कारण चालण्याचा भार शरीराच्या अंगवळणी पडलेला असतो. पोहणे व सायकल चालविणे यांत तर शरीराचे वजन पाणी किंवा बैठक तोलून धरते, त्यामुळे हाडांच्या दृष्टीने त्यांचा लाभ चालण्याहूनही कमी.

केवळ उड्या मारूनही भागत नाही. ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांना आठवड्यातून सहा दिवस रोज ५० उभ्या उड्या मारण्यास सांगितले होते. पाळी चालू असलेल्या स्त्रियांच्या मांडीच्या हाडाची घनता पाच महिन्यांत २.८ टक्क्यांनी वाढली. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये वर्षभरानंतरही असा फरक दिसला नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडाला जागे करण्यास अधिक भार लागतो, असा याचा अर्थ लावता येतो. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या बेलिंडा बेक व सहकाऱ्यांनी हा भार खरोखरच वाढवून पाहिला. अस्थिघनता कमी असलेल्या, सरासरी ६५ वर्षे वयाच्या १०१ स्त्रियांपैकी एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली बारबेल (दोन्ही टोकांना वजने लावलेली दांडी) उचलले. त्यांत जमिनीवरून वजन उचलणे, खांद्यावर वजन घेऊन बैठक मारणे, वजन डोक्यावर नेणे आणि डोक्यावरच्या आडव्या दांडीला धरून उडी घेऊन खाली उतरणे, एवढेच प्रकार होते. पहिला महिना हलक्या वजनावर तंत्र शिकण्यात गेला; पुढे वजन प्रत्येकीच्या कमाल क्षमतेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेले. अखेरीस त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली होती, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली होती.

सरसकट सर्व व्यायामप्रकार एकत्र मोजले, तर वाढ याहून बरीच लहान दिसते. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात, ४३ चाचण्या विचारात घेता, व्यायाम करणाऱ्या व न करणाऱ्या स्त्रियांच्या मणक्यांच्या घनतेत सरासरी १ टक्क्याहून कमी फरक आढळला. म्हणून अस्थिघनतेचा आकडा हेच व्यायामाचे एकमेव माप धरणे बरोबर नाही. खुब्याचे हाड बहुतेक वेळा पडल्यामुळे मोडते आणि पडणे टाळण्यात व्यायामाचा हात अधिक खंबीर आहे : त्याच संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानुसार, तोल व उठण्या-चालण्यासारख्या रोजच्या हालचाली यांवर भर देणाऱ्या कार्यक्रमांनी घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाले. यासाठी साधनांची गरज नाही. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, मग हाताऐवजी केवळ बोटे टेकवणे आणि सवय झाल्यावर तीही सोडणे. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पुनःपुन्हा उठणे, या कृती रोज करता येतात.

शरीर कोणत्या दिशेला वाकते, हा प्रश्न भाराइतकाच महत्त्वाचा आहे. पाठीतून पुढे वाकले की मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब एकवटतो आणि विरळ झालेला मणका तेथेच दबून पाचरीसारखा होतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ मध्ये, मणक्यांची अस्थिसुषिरता असलेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांचे मणके पुढे नव्याने खचले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के आणि काहीच व्यायाम न करणाऱ्यांत ६७ टक्के होते. अभ्यास लहान असला, तरी त्यातील इशारा आजही पाळला जातो. पश्चिमोत्तानासन, हलासन आणि सूर्यनमस्कारातील हात पायांशी टेकवण्याची स्थिती अस्थिसुषिरता असलेल्या स्त्रियांनी टाळावी किंवा गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून बदलून घ्यावी. भुजंगासन व शलभासन बेताने, तर वृक्षासन भिंतीजवळ करावे. मंगळागौरीच्या खेळांतील झिम्मा तालावर पावले टाकण्यापुरता ठीक आहे, पण गरगर फुगडीत हात सुटून पडण्याची जी भीती असते, ती पन्नाशीनंतर थट्टेवारी नेण्यासारखी नाही.

पाठीला खरा धोका व्यायामशाळेपेक्षा घरात जास्त असतो. न्हाणीघरातील भरलेली बादली उचलताना बहुतेक जणी पाय जवळ ठेवून कमरेतून वाकतात व बादली अंगापासून लांब असतानाच हिसका देतात. पाय खांद्यांइतके फाकवून बादलीच्या अगदी जवळ उभे राहणे, पाठ सरळ ठेवून खुब्यात व गुडघ्यात वाकणे, आणि श्वास सोडत पायांच्या जोरावर उठणे ही योग्य रीत. बारबेल जमिनीवरून उचलण्याचे तंत्र हेच आहे; ते शिकलेली स्त्री केरसुणी, बादली व नातवंड तिन्ही याच रीतीने हाताळते.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवून करतात. वजन असे निवडतात की आठ-दहा वेळा उचलल्यावर आणखी दोनदा उचलणे जड जावे. ते सहज जमू लागले, की वाढवतात. ज्यांचा मणका आधीच खचला आहे, त्यांनी उड्या व जड वजने तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नयेत आणि पाठीत अचानक कळ आली, तर व्यायाम थांबवून तपासणी करून घ्यावी. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व डॉक्टरांनी दिलेली औषधे व्यायामासोबत चालू ठेवावयाची असतात. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

व्यायाम सोडला की हाडात पडलेली भर हळूहळू ओसरते. पाठीच्या स्नायूंबाबत मात्र सिनाकी यांच्या २००२ मधील अभ्यासात काहीसे वेगळे दिसले : दोन वर्षे पाठीचे व्यायाम करून थांबलेल्या स्त्रियांची पाठ आठ वर्षांनंतरही इतरांहून बळकट होती आणि त्यांचे मणकेही कमी खचले होते.