साबणाचा बेस: चरबी, पाम आणि ७६चा आकडा

तेलाचा साबण करायला क्षार लागतो. राखेचं क्षारपाणी, १७९१चा कृत्रिम सोडा, मग स्वस्त कॉस्टिक सोडा, हा त्या क्षाराचा प्रवास. आपल्याकडच्या बेसला, म्हणजे रंग-सुगंध घालण्याआधीच्या मूळ साबणाला, आजचं रूप आलं ते मात्र १९८३नंतर. वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याची प्रकरणं त्या वर्षी गाजली आणि चरबीची आयात बंद झाली. तोवरचं ठरलेलं प्रमाण होतं ८० भाग चरबी, २० भाग खोबरेल: चरबीने वडी टणक होते, खोबरेलाने फेस येतो.

पर्याय म्हणून कोंड्याचं तेल, मोह, करंज, कडुनिंब यांच्याकडे मोर्चा वळला. ही तेलं काळपट, आम्लता जास्त, आणि कोंड्याच्या तेलाचा साबण मऊ पडतो. म्हणून आधी हायड्रोजन देऊन ते घट्ट करावं लागे. अशा मालाला उघड्या कढईत थेट कॉस्टिक घालून शिजवण्यापेक्षा स्प्लिटिंग, म्हणजे तेल आधी फोडणं, बरं. सुमारे २५० अंश आणि ५० वातावरण दाबाखाली पाण्याने मेदाम्लं सुटी करायची, ऊर्ध्वपातनाने रंग-वास काढायचा आणि मगच कॉस्टिक घालायचं.

नव्वदच्या दशकात पामची आयात मोकळी झाली आणि ही कसरत बरीचशी संपली. आता साधारण ८० भाग पाम (बहुधा स्टिअरिन, म्हणजे पामतेलाचा घट्ट भाग, मिसळून), २० भाग पाम कर्नेल, म्हणजे पामच्या बियांतलं तेल. १०० किलो तेलाला सुमारे १५ किलो शुद्ध कॉस्टिक. स्टिअरिन वाढवलं की वडीला चिरा. साबण वेगळा करायला कढईत मीठ टाकतात; ते कमी पडलं तर ग्लिसरीन नीट सुटत नाही, आणि साबणात जास्त राहिलं तर वडी ठिसूळ. तळाचं पाणी काढल्यावर उरतो तो ६३ टक्के टीएफएमचा, म्हणजे एकूण मेदांशाचा, ओला साबण. तो निर्वातात वाळवला की सुमारे ७८ टक्क्यांच्या नूडल्स, म्हणजे वडी करण्यासाठीचे साबणाचे छोटे तुकडे. फार वाळवल्या तर वडीत खडे लागतात.

खरा घोळ पुढे आहे. भारतीय मानकात 'टॉयलेट सोप'च्या तीन प्रती आहेत: किमान ७६, ७० आणि ६० टक्के टीएफएम. 'बेदिंग बार'ला ४० पुरतात. ७८ टक्क्यांच्या १०० किलो नूडल्सपासून ६० टक्क्यांचा माल १३० किलो होतो, ४० टक्क्यांचा १९५ किलो. वाढीव वजन शंखजिऱ्याचं, पाण्याचं, इतर भरतीचं. उत्पादकांचं म्हणणं, बारमध्ये कृत्रिम फेसक चालतात, तेव्हा त्याला मेदांशाने मोजू नका. शिवाय टीएफएम म्हणजे सौम्यपणा नव्हे. दोन्ही खरं. पण मराठीत टॉयलेट सोप आणि बेदिंग बार दोन्हींना साबणच म्हणतात, आणि दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात. हा फरक ठळक छापायला कुणाची हरकत असावी?

नूडल्स विकत घेणारा छोटा कारखानदार टीएफएमच्या जोडीला मोकळं (उरलेलं) कॉस्टिक, मीठ, ओलावा आणि आयोडीन मूल्यही (मेद किती असंतृप्त, याचं माप) तपासून घेतो. गिऱ्हाइकाच्या हाती, छापलेला असेलच तर, टीएफएमचा तो एकच आकडा.