कान ‘पास’ झाला आणि बाळाला विषाणू नाही: या दोन वेगळ्या गोष्टी

नाशिकमध्ये प्रसूतिगृहांत जाऊन नवजात बाळांचे कान तपासणं हे माझं काम. घरी सोडायच्या दिवशी मी बाळाच्या फाइलला चिठ्ठी लावते, ‘दोन्ही कान पास’. ती बघून आईचा जीव भांड्यात पडतो. मग एखादी विचारते, “म्हणजे मॅडम, त्या व्हायरसचंही काही नाही ना?” त्या वेळी मी पाच मिनिटं तिच्या खाटेवर बसते, कारण त्या चिठ्ठीत व्हायरसबद्दल एक अक्षरही नसतं.

हा व्हायरस म्हणजे सायटोमेगॅलो व्हायरस, सीएमव्ही. कांजिण्यांच्या विषाणूच्या भावकीतला. मोठ्या माणसाला झाला तर थोडी कणकण, बरेचदा तेवढीही नाही. पण गरोदरपणात वारेतून तो पोटातल्या बाळापर्यंत पोचला, तर आतल्या कानाला इजा करू शकतो. मुलांच्या बहिरेपणाची जी आनुवंशिक नसलेली कारणं आहेत, त्यांत हे सगळ्यात मोठं. असाच पोटातल्या बाळाचे कान बिघडवू शकणारा रुबेला लोकांना माहीत आहे, २०१८ च्या शेवटी शाळाशाळांत गोवर-रुबेलाची लस टोचली गेली तेव्हापासून तर घरोघरी. सीएमव्हीवर अजून लस नाही, म्हणून त्याचं नावही कुणाच्या कानावर पडत नाही.

आता कानाची तपासणी बघा. बाळ दूध पिऊन झोपलं की मी कानात मऊ रबरी टोक बसवते. त्यातून टिकटिक असा बारीक आवाज आत जातो. आतल्या कानातल्या केसपेशी धडधाकट असतील तर त्या स्वतःच एक क्षीण आवाज परत पाठवतात, तो यंत्र टिपतं. हीच ओएई. बाळ कुशीवर वळलं, कुणी दार आपटलं, की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी कानात जन्माच्या वेळचा चिकट थर आणि पाणी असतं, त्यामुळे चांगला कानही ‘रेफर’, म्हणजे ‘पास नाही, पुन्हा तपासा’, असं दाखवतो. त्याने घाबरायचं नाही, पण पुन्हा तपासून मात्र घ्यायचं. जे बाळ काचेच्या पेटीत पाच दिवसांहून जास्त राहिलं, त्याला ओएई पुरत नाही. कानापासून मेंदूकडे जाणारी नस तपासणारी बेराची पद्धत लागते.

थोडक्यात, ओएई सांगते ती आजची गोष्ट. आत्ता, या घडीला, आतला कान काम करतोय का?

विषाणूची तपासणी उद्याबद्दल बोलते. जन्मतः सीएमव्ही असलेल्या १०० बाळांपैकी साधारण ९० बाळं दिसायला ठणठणीत असतात. त्यांतल्या बहुतेकांना पुढेही काही होत नाही, पण १० ते १५ टक्के बाळांचं ऐकणं कमी होतं. कुणाचं जन्मतःच, कुणाचं वर्षादोन वर्षांनी. कधी आधी एकच कान जातो आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही, कारण दुसऱ्या कानावर मूल सगळं निभावून नेतं. बारशाला आत्याने कानात कुर्र केल्यावर दचकलेलं बाळ दोन वर्षांनी हाकेला ओ देईनासं होऊ शकतं, ते यामुळे. त्या दिवशीचा ‘पास’ खोटा नव्हता.

यात मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते दिवसांचं गणित. कान तपासायचा राहिला तर महिन्याने तपासता येतो, वर्षानेही येतो. जन्मतः सीएमव्ही होता का, हे मात्र २१ दिवसांच्या आतच कळतं. बाळाच्या लघवीची किंवा लाळेची पीसीआर, म्हणजे विषाणूचा अंश शोधणारी तपासणी, करायची. जन्मानंतर दुधातून किंवा कुणी पापा घेतल्याने लागलेला विषाणू लघवीत, लाळेत उतरायला साधारण तीन आठवडे तरी लागतात. म्हणून त्याआधी सापडला तर तो पोटातूनच आलेला. बाविसाव्या दिवसापासून पुढे सापडला तर कुठून आला, हे सांगणं अवघड होऊन बसतं. (दुधातून लागलेला विषाणू पूर्ण दिवसांच्या बाळाचे कान सहसा बिघडवत नाही. त्या भीतीनं अंगावरचं दूध मुळीच तोडू नका.) लाळेचा नमुना दूध पाजल्यावर निदान तासाभराने घ्यावा. नाहीतर गालाला लागलेल्या दुधातलाच विषाणू रिपोर्टात येतो. लाळ पॉझिटिव्ह आली तर लघवीने खात्री करून घेतात.

आणि आपल्याकडे आडवा येतो तो सव्वा महिना. दिंडोरीकडच्या एका आजींनी मला सांगितलं, “बाई, सव्वा महिना झाला की आणतो हो. बाळंतिणीला वारं लागायला नको.” बाळाचे दोन्ही कान रेफर होते, दिवस नववा. मी म्हटलं, “आजी, लेकीला राहू द्या खोलीत. बाळाला तुम्ही घेऊन या, पण बारशाच्या आदल्या दिवशी या.” आल्या. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ मांडीवर, पिशवीत वाटी-चमचा. तेव्हापासून मी सगळ्यांना असंच सांगते: रेफर आला तर बाराव्या दिवसाच्या आत कान पुन्हा तपासा. पुन्हा रेफर आलाच तर बेराच्या तारखेची वाट न बघता सीएमव्हीचा नमुना द्या.

अमेरिकेत युटा राज्याने २०१३ मध्ये कानाच्या तपासणीत नापास झालेल्या बाळांची सीएमव्ही तपासणी कायद्याने सुरू केली. आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञांना आपणच विचारायचं. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक बाळाला औषध लागत नाही. लक्षणं असलेल्या बाळाला व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर देतात, शक्यतो पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने, आणि त्या काळात रक्त वारंवार तपासावं लागतं.

आणखी एक गोंधळ टॉर्च रिपोर्टचा, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांसाठी आईच्या रक्ताची जी तपासणी करतात तिचा. आईचा आयजीजी (जुन्या संसर्गानंतर रक्तात राहणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह म्हणजे तिला आयुष्यात कधीतरी हा विषाणू होऊन गेला, एवढंच. आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा तो पॉझिटिव्हच येतो. पूर्वी होऊन गेलेला विषाणू गरोदरपणात पुन्हा उसळू शकतो, वेगळ्या जातीचा नव्याने लागूही शकतो. त्यामुळे त्या कागदावरून बाळाचं काहीच ठरत नाही.

सगळ्यात हातातून निसटतात ती कान पास आणि विषाणू पॉझिटिव्ह असलेली बाळं. मूल हसतंय, खेळतंय, मग नाशिक रोडहून रजा टाकून पुन्हा कशाला यायचं, असं घरच्यांना वाटतं. पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर शाळेत जाईपर्यंत ठराविक अंतराने त्यांचे कान तपासावे लागतात. त्यांची पुढची तारीख मी वेगळ्या कागदावर देत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर, लसीच्या तारखांच्या शेजारीच लिहिते, कारण ते कार्ड कुठलीच आई हरवत नाही.