शिवराईला चिंच लावू नका

खान्देशात जुनी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, हाती आली की घरचे आधी चिंच शोधतात. ‘चकाकली की भाव वाढतो’ हा समज पक्का. होतं उलटंच. चिंचेचं आम्ल काळपट थर उतरवतं, त्यासोबत ‘श्री राजा शिव’ची झिजलेली अक्षरंही आणखी पुसट होतात, ते गुलाबीसर, नागडं तांबं पाहून जाणकार हात आखडता घेतो. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असू द्या. भुकटीसारखा सुटणारा फिकट हिरवा ठिपका मात्र क्लोराइड क्षारांमुळे तांब्याला लागणारा रोग, दमट हवेत पोखरत जाणारा. असं नाणं वेगळं काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, पाणी बदलत राहा, नीट वाळवा. बॅटरीवाल्याकडे हे पाणी स्वस्तात मिळतं. पीव्हीसीचे मऊ अल्बम नकोत. कागदी पाकीट, सिलिका जेलची पुडी पुरे. जळगावचं मे महिन्यातलं ऊन कोरडं असतं, पावसाळ्यात मात्र डबा अधूनमधून उघडून बघा.