‘जड’ आणि ‘हलकी’: अमेरिकेच्या चिलखती डिव्हिजनच्या युद्धतयारीची पार्श्वभूमी

नगरचे रणगाडा संग्रहालय पाहिलेल्यांना रणगाडा म्हणजे काय हे सांगायला नको. इथे प्रश्न वेगळा आहे. चिलखती डिव्हिजन, म्हणजे दहा-चौदा हजार माणसे आणि शेकडो रणगाडे, समुद्रापार नेऊन लढवायची, तर आधी तिच्याकडून काय आणि किती दिवस करून घ्यायचे? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने याचे उत्तर घाईत शोधले, आणि शोधता शोधता डिव्हिजनचा आराखडाच पुन्हा पुन्हा बदलला.

त्याआधीचा इतिहास दोन ओळींत उरकता येतो. 1920 च्या कायद्याने रणगाडे पायदळाकडे गेले. घोडदळालाही ते हवे होते, म्हणून घोडदळाने आपल्या रणगाड्यांना ‘कॉम्बॅट कार’ म्हणायला सुरुवात केली. 1940 मध्ये फ्रान्स पडल्यावर असल्या पळवाटांना अर्थ उरला नाही. 10 जुलैला स्वतंत्र चिलखती दल उभे राहिले. पहिली डिव्हिजन केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला, दुसरी जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला. पुढच्या वर्षी लुइझियानात सुमारे चार लाख सैनिकांचा युद्धसराव झाला. रणगाडे इतके कमी होते, की या काळातल्या सरावांत ट्रकवर ‘टँक’ अशी पाटी लावूनही भागवले गेले.

नवी डिव्हिजन उभी करण्याची पद्धत दह्याला विरजण लावावे तशी होती. जुन्या डिव्हिजनमधून अनुभवी अधिकारी आणि हवालदार काढायचे, त्यांच्याभोवती नवे रंगरूट भरायचे. आधी एकेकट्या सैनिकाचे शिक्षण, मग क्रू आणि कंपनी, मग पलटण (बटालियन), आणि शेवटी तोफखान्यासह अख्ख्या डिव्हिजनचा सराव. कागदावर हे वर्षभराचे काम. पण विरजण दर वेळी त्याच भांड्यातून काढले, की तिथले दही कमी होणारच. अशा सोळा चिलखती डिव्हिजन उभ्या राहिल्या.

1942 मध्ये कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या वाळवंटात प्रचंड मोठे प्रशिक्षण केंद्र उघडले. उद्देश उघड होता, उत्तर आफ्रिका. पण तिथली लढाई मे 1943 मध्ये संपली, आणि केंद्र मात्र 1944 पर्यंत चालू राहिले. चौथी चिलखती डिव्हिजन याच वाळूत तयार झाली आणि जुलै 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली. तिथे समोर होत्या मातीच्या उंच बांधांवर वाढलेल्या झाडीच्या दाट कुंपणरांगा, ज्यांत रणगाड्याला चार शेतांपलीकडचे दिसत नव्हते. त्या फोडायला रणगाड्याच्या पुढच्या बाजूला पोलादी दाते वेल्ड करण्याची युक्ती तिथेच, प्रत्यक्ष लढाईच्या दिवसांत निघाली. तरीही वाळवंट वाया गेले असे म्हणणे घाईचे ठरेल. लांब पल्ल्याची हालचाल, रात्रीचा प्रवास, रस्त्यातच दुरुस्ती, पेट्रोलची रसद, हे सगळे तिथे अंगवळणी पडले. ऑगस्टमध्ये फ्रान्स ओलांडताना तेच कामी आले.

खरा वाद डिव्हिजन लहान करण्याच्या सप्टेंबर 1943 च्या निर्णयाचा आहे, आणि त्यावर अजूनही कमी लिहिले जाते. 1942 च्या आराखड्यात डिव्हिजनमध्ये सुमारे 14,600 माणसे आणि 390 रणगाडे होते. रणगाड्यांच्या सहा पलटणी आणि पायदळाच्या तीन. नव्या आराखड्यात सुमारे 10,900 माणसे, 263 रणगाडे आणि दोन्हींच्या तीन-तीन पलटणी. जुनी ती ‘जड’, नवी ती ‘हलकी’. या नावांनी भलताच घोळ घातला. ‘हलकी’ म्हटल्यावर वाचकाला वाटते, हलक्या रणगाड्यांची. प्रत्यक्षात हलक्या रणगाड्यांचे प्रमाणच नव्या आराखड्यात घटले. 390 पैकी 158 होते, ते 263 पैकी 77 झाले. हलके झाले ते संघटनेचे ओझे. पलटण आणि डिव्हिजन यांच्यामधली रेजिमेंट ही पायरीच गेली. तिच्या जागी ‘कॉम्बॅट कमांड’ ही रचना पक्की झाली, म्हणजे स्वतःची एकही कायमची पलटण नसलेले मुख्यालय. आज त्याला दोन रणगाडा पलटणी द्या, उद्या एक काढून पायदळ जोडा.

वरिष्ठांना माणसे आणि जहाजांतली जागा वाचवायची होती, शिवाय मोकळे झालेले रणगाडे पायदळाच्या मदतीला हवे होते. चिलखती दलातल्या अनेकांना हे आपले हातपाय तोडल्यासारखे वाटले. माझे मत विचाराल तर पायदळाचे प्रमाण वाढवणे योग्यच होते, किंबहुना ते अपुरेच पडले. युद्धानंतर पायदळाची चौथी पलटण जोडावी लागली, यातच सारे आले. चूक वेळेची होती. चौथ्या डिव्हिजनची फेररचना झाली आणि चार महिन्यांच्या आत ती जहाजावर चढली. दोन वर्षे ज्या रेजिमेंटच्या नावाने माणसे शिकली, ते नाव निघताना उरलेच नव्हते. दुसरी आणि तिसरी डिव्हिजन मात्र युद्ध संपेपर्यंत ‘जड’च राहिल्या.

उशिरा निघालेल्यांचे हाल वेगळे. 1944 मध्ये युरोपातल्या तुटी भरायला घरच्या डिव्हिजनमधून तयार माणसे उपसली गेली. त्यांच्या जागी सैन्याच्या बंद पडत चाललेल्या कॉलेज योजनेतले विद्यार्थी आणि इतर शाखांतले लोक आले. सोळावी डिव्हिजन जुलै 1943 मध्ये उभी राहिली, 1945 च्या फेब्रुवारीत फ्रान्सला पोहोचली, आणि 6 मे रोजी चेकोस्लोव्हाकियातल्या पिल्सेनमध्ये शिरली. दोन दिवसांनी युरोपातले युद्ध संपले.

पुढच्या काळात यातले बरेच टिकले. 1960 च्या दशकात ब्रिगेड आल्या, त्याही मागणीप्रमाणे पलटणी जोडण्याच्या तत्त्वावरच. 1944 मध्ये युरोपला जाताना अनेकांनी सरावाचे रणगाडे घरीच ठेवले आणि नवे इंग्लंडमध्ये घेतले. शीतयुद्धात युरोपातल्या गोदामांत रणगाडे आधीच ठेवून हीच सोय कायमची केली गेली. 1980 च्या दशकात मोहावी वाळवंटात फोर्ट अर्विनला पुन्हा मोठे सराव केंद्र चालू झाले. तरी नोव्हेंबर 1990 मध्ये आखाती युद्धासाठी सौदी अरेबियाला जाण्याचा हुकूम आला तो जर्मनीत तळ असलेल्या पहिल्या आणि तिसऱ्या चिलखती डिव्हिजनला. त्यांची बरीचशी तयारी झाली होती ती जर्मनीतल्या जंगल-टेकड्यांत, सोव्हिएत रणगाड्यांची वाट पाहत.