मृणाल आणि मृण्मयी: सुरुवात सारखी, कूळ वेगळं

बारशाच्या आधी नावांच्या याद्या फिरू लागल्या की मृणाल आणि मृण्मयी या दोघींपुढे हमखास 'कोमल, नाजूक' असा एकच अर्थ लिहिलेला दिसतो. तो अर्थ मृदुलाचा. या दोघींचा नाही.

मृणाल म्हणजे कमळाचा देठ. तो मोडून पाहा: तुकडे लगेच सुटत नाहीत, मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू ताणले जातात. कालिदासाच्या 'शाकुंतला'त तिसऱ्या अंकात विरहाने तापलेल्या शकुंतलेच्या मनगटात मृणालाचंच कंकण आहे. संस्कृतात हा शब्द नपुंसकलिंगी. बंगालमध्ये तो पुरुषांचं नाव म्हणूनही चालतो, उदाहरणार्थ दिग्दर्शक मृणाल सेन. आपल्याकडे मात्र मृणाल म्हटलं की बाईच, आणि एका पिढीला आठवतात त्या 'पाणीवाली बाई' मृणाल गोरे (1928–2012), महागाईविरुद्ध बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवणाऱ्या. मृणालिनी हे याच घरातलं नाव, म्हणजे कमळवेल.

मृण्मयीचा कमळाशी काही संबंध नाही. मृद् म्हणजे माती, त्याला 'मय' जोडून झालं मृण्मय, मातीचं घडलेलं. शब्द फार जुना आहे. ऋग्वेदाच्या 7व्या मंडलात ऋषी वरुणाला विनवतो की, मला इतक्यात मातीच्या घरात जायला लावू नकोस. बंगालमध्ये दुर्गेची मातीची मूर्ती ती मृण्मयी, आणि बिष्णुपूरच्या मल्ल राजांची कुलदेवताही मृण्मयीच. मराठीत इंदिरा संतांचा कवितासंग्रह आणि गोनीदांची कादंबरी, दोन्ही याच नावाची. मला स्वतःला हे नाव जास्त भावतं. मातीची म्हणवून घेण्यात मोठेपणा आहे.

रवींद्रनाथांकडे मात्र दोघी भेटतात. 'समाप्ति'ची अवखळ नायिका मृण्मयी, 'स्त्रीर पत्र'मध्ये नवऱ्याला पत्र लिहून घर सोडणारी ती मृणाल. त्यांच्या पत्नीचं माहेरचं भवतारिणी हे नाव लग्नानंतर बदलून मृणालिनी ठेवलं होतं.

आता लिहिण्याचं. संस्कृत संधिनियमाने खरं रूप 'मृन्मयी', मराठीत रुळलं 'मृण्मयी'. कुठलंही घ्या, पण जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच पुढे आधार आणि शाळेच्या दाखल्यावर येऊ द्या. इंग्रजी स्पेलिंगचंही तसंच: आपण 'मृ'चा उच्चार 'म्रु' करतो, उत्तरेत आणि बंगालमध्ये 'म्रि', त्यामुळे दोन्ही नावांची दोन-दोन स्पेलिंगं सहज होतात.