तो जेवायला का थांबला नाही?

आजीच्या तेराव्याला माझा चुलतभाऊ पानं मांडायच्या आधीच निघून गेला. काकूला लांबूनच हात जोडले, चपला सरकवल्या आणि गाडी चालू केली. पहिली पंगत उठेपर्यंत पडवीत त्याचा पंचनामा पुरा झाला होता. "वाटणीचं डोक्यात आहे त्याच्या," थोरली आत्या म्हणाली. धाकटीच्या मते ही बायकोची फूस. एका काकांना तर नोकरी लागल्यापासूनच त्याला शिंगं फुटलेली दिसत होती. तेराव्याचं गोड जेवण टाकून जाणं आमच्याकडे साधी गोष्ट नव्हे, त्यामुळे पानात लाडू वाढून घेता घेता मीही मान डोलावली.

वागण्यामागचा हेतू ताडायला आपल्याला वेळ लागत नाही. समोर माणूस असावाच लागतो असंही नाही. 1944 साली अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी एक छोटीशी फिल्म तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दारासारखी उघडझाप होणारी बाजू असलेला एक चौकोन, एवढंच. आकृत्या सरकतात, एकमेकींना टेकतात, चौकोनात आतबाहेर करतात. काय दिसलं ते लिहा, असं 34 जणांना सांगितलं. त्यांतल्या एकाच व्यक्तीने भूमितीच्या भाषेत वर्णन केलं. बाकी सगळ्यांना जिवंत पात्रं दिसली आणि बहुतेकांना त्यांची गोष्ट: मोठा त्रिकोण दांडगट, छोटा धीट, वर्तुळ बिचारं घाबरून घरात लपलेलं. ही फिल्म आजही इंटरनेटवर मिळते. मी ती सगळं माहीत असून बघितली, तरी शेवटी मोठा त्रिकोण घराच्या भिंती फोडायला लागला तेव्हा मला त्याचा राग आला. एका त्रिकोणाचा!

त्रिकोणाला हेतू चिकटवणारा मेंदू चुलतभावाला मोकळा कसा सोडेल? आणि तो चिकटवतो तेव्हा बहुतेकदा परिस्थिती सोडून स्वभावाला हात घालतो. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी 1967 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना क्यूबाचा कम्युनिस्ट नेता फिडेल कास्ट्रो याच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेला निबंध वाचायला दिला होता. बाजू लेखकाने निवडलेली नाही, त्याला नेमून दिलेली आहे, हे सांगूनही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की कास्ट्रोची बाजू मांडणारा मनातून थोडातरी त्याच्याकडे झुकलेला असणार. वादविवाद स्पर्धेत नको ती बाजू वाट्याला आलेल्या कुठल्याही मुलाला हा अनुभव असेल.

ही खोड सगळीकडे सारखीच का? जोन मिलर यांनी 1984 साली शिकागोतल्या आणि म्हैसूरच्या लोकांचे खुलासे ताडून पाहिले. त्यात एक हकीकत होती. मोटारसायकलचं मागचं चाक फुटलं, मागे बसलेला माणूस पडला. चालवणारा वकील होता. त्याने जखमीला दवाखान्यात पोचवलं आणि डॉक्टरांशी न बोलताच तो कोर्टाच्या कामाला निघून गेला. जखमी पुढे दगावला. वकील असा का वागला? अमेरिकन उत्तरांचा रोख स्वभावावर होता: बेजबाबदार माणूस, स्वतःच्या यशामागे लागलेला. म्हैसूरची उत्तरं वेगळी: अशिलासाठी कोर्टात हजर राहणं त्याचं कर्तव्य होतं, तो गोंधळला असेल, जखमीची अवस्था वरून तितकी गंभीर दिसत नसेल. गंमत म्हणजे आठ वर्षांच्या मुलांमध्ये हा फरक जवळजवळ नव्हता, वय वाढेल तसा तो रुंदावत गेला. म्हणजे दुसऱ्याच्या वागण्याचं कारण कुठे शोधायचं, हेही आपण आजूबाजूच्या मोठ्यांकडूनच उचलतो. अर्थात सरासरी ती सरासरीच. आमची आत्या तिच्यात बसत नाही.

"मी डोळ्यांत बघून ओळखते," असंही आत्या म्हणते. नुसतं बघून-ऐकून खरंखोटं ओळखण्यावर झालेल्या कितीतरी अभ्यासांचा एकत्रित हिशेब चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी 2006 साली मांडला. पारख करणारे 24 हजारांहून जास्त लोक, आणि त्यांचं सरासरी यश 54 टक्के. नाणं उडवलं असतं तर 50.

मग त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघावं? हा सल्ला ऐकायला फार चांगला वाटतो. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या 25 प्रयोगांत मात्र असा विचार केल्याने अंदाज जास्त बरोबर आल्याचं दिसलं नाही, कधीकधी फक्त खात्री वाढली. फरक पडला तो सरळ त्या माणसाशी बोलल्यावर. पडवीतल्या बारा-पंधरा जणांपैकी हे कुणालाच सुचलं नव्हतं.

पण विचारावं, तर सांगणाऱ्याला तरी स्वतःचं मन कितपत ठाऊक असतं? स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे पेट्टर योहान्सन आणि लार्स हॉल यांनी 2005 साली 120 लोकांना दोन-दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून जास्त आवडलेला निवडायला लावलं. मग हातचलाखीने, काही वेळा, न निवडलेला फोटोच हातात ठेवून विचारलं, हा का आवडला? अदलाबदल फार थोड्या वेळा पकडली गेली. बाकीच्या वेळी लोकांनी आपण न केलेल्या निवडीची कारणं बिनदिक्कत सांगितली. एकजण म्हणाला, मला कानातली आवडतात. त्याने निवडलेल्या चेहऱ्याच्या कानात काहीच नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. हातात आलेल्या फोटोवरून त्याच्या मनाने कारण जुळवलं होतं, आणि त्याला ते आठवल्यासारखं वाटत होतं.

हे सगळं वाचल्यावर मी भावाला फोन केला. "सेकंड शिफ्ट होती रे, तीनला पंच करायचं होतं," तो म्हणाला. थोडा थांबला. "तसं बदली माणूस बघता आला असता म्हणा. पण आजीची खाट हलवलेली बघितली आणि तिथे बसवेना. काय माहीत, दोन्ही असेल."

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा आत्याला शिफ्टचं सांगितलं, खाटेचंही सांगितलं. ती सुपारी कातरत होती. वर न बघता म्हणाली, "तुला तो असंच सांगणार."