मल्टिपल स्क्लेरोसिस आणि हाताचा व्यायाम: एक खुलासा

‘मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांनी हाताला श्रम देऊ नयेत, व्यायामाने आजार बळावतो’ हा समज दीर्घकाळ टिकून आहे. तो चुकीचा आहे. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंवरचे मायलिन नावाचे संरक्षक आवरण झिजते. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावत असल्याचे नोंदवले होते. पुढे स्पष्ट झाले की मायलिनचे आवरण झिजलेल्या मज्जातंतूंतून जाणारे संदेश शरीराचे तापमान वाढल्यावर अडखळतात आणि ते उतरल्यावर पूर्वपदावर येतात. त्यातून मज्जातंतूंना नवी इजा होत नाही.

उलट, हात वापरणेच सोडले तर स्नायू दुर्बल होतात आणि सांधे आखडतात. आजाराच्या त्रासात टाळता येण्याजोगी ही भर पडावी, हे मला फार क्लेशदायक वाटते.

अडचण अशक्तपणाची, ताठरपणाची, कंपाची की बधिरतेची, हे फिजिओथेरपिस्ट आधी तपासतात. नऊ लहान खुंट्या भोकांत बसवून परत काढण्यास प्रत्येक हाताला लागणारा वेळही मोजला जातो. त्यानंतरचा सराव रोजच्या कामांचाच असतो: बटण चिमटीत धरणे, काजाकडे वळवणे, पलीकडून ओढून घेणे, आणि थकवा येण्याआधी थांबणे. कंप असल्यास कोपर टेबलावर टेकवून काम करणे सोपे जाते. बोटे बधिर असतील तर नजर हातावरच ठेवावी आणि पाण्याची उष्णता संवेदना शाबूत असलेल्या भागाने तपासावी.

नव्याने आलेला अशक्तपणा किंवा बधिरता २४ तासांहून अधिक टिकल्यास मात्र डॉक्टरांना कळवावे.